जनक अश्वाची निवड : थरोब्रेड वंशाच्या इतिहासातील ज्ञान, प्रतिष्ठा आणि योगायोग

प्रास्ताविक

घोड्याची पारख हा भारतीय परंपरेत स्वतंत्र शास्त्राचा विषय होता. शालिहोत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथपरंपरेत अश्वाचे वर्ण, अवयवांची ठेवण, चाल आणि अंगावरील भोवरे यांवरून त्याचे शुभाशुभत्व ठरविले जाई. महाराष्ट्रातील बाजारांत जनावराचे भोवरे आणि खोडी पाहून सौदा ठरविण्याची रीत पुढेही टिकून राहिली. या पारखीत प्रश्न असे तो समोर उभ्या असलेल्या जनावराचा. पैदाशीसाठी घोडा निवडताना मात्र प्रश्न बदलतो. तेथे समोरच्या घोड्याचे गुण पाहून, जे शिंगरू अद्याप जन्मलेले नाही त्याचे गुण ठरवावयाचे असतात. घोडा स्वतः कसा धावला हे ठाऊक असते. त्याची संतती कशी धावेल हे ठाऊक नसते.

या अडचणीचे स्वरूप कालगणनेवरून स्पष्ट होते. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. शर्यतीचा थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा झाल्यावर प्रथम धावतो आणि डर्बीसारख्या मोठ्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. म्हणजे एखाद्या नव्या घोड्याकडे पहिल्या हंगामात घोड्या नेल्या, तर त्याच्या संततीचा पहिला पुरावा चौथ्या वर्षी आणि खरा पुरावा पाचव्या वर्षी हाती येतो. तोवर आणखी तीनचार हंगाम उलटलेले असतात आणि प्रत्येक हंगामात निर्णय घ्यावाच लागतो. पुराव्याच्या अभावी पैदासकार ज्या गोष्टींचा आधार घेतो, त्या म्हणजे कुळाचे नाव, जिंकलेल्या शर्यती, शरीराचा बांधा आणि बाजारातील किंमत. थरोब्रेड वंशाच्या सुमारे तीन शतकांच्या इतिहासात या पर्यायी पुराव्यांनीच प्रत्यक्ष ज्ञानापेक्षा अधिक निर्णय घडविले. त्यांचे परिणाम वंशाच्या रक्तात कसे साठत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अलेप्पोहून आलेला घोडा

थरोब्रेड हा वंश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये आकारास आला. पूर्वेकडून आणलेले घोडे आणि इंग्लंडमधील घोड्या यांच्या संकरातून तो निर्माण झाला. आज हयात असलेल्या सर्व थरोब्रेड घोड्यांचे पितृवंश तीन पूर्वजांपर्यंत जातात : कॅप्टन रॉबर्ट बायर्ली याचा १६९० च्या बॉइनच्या लढाईत वापरलेला बायर्ली टर्क, थॉमस डार्ली याने अलेप्पो येथून १७०४ मध्ये पाठविलेला डार्ली अरेबियन आणि फ्रान्समार्गे सुमारे १७३० मध्ये इंग्लंडात आलेला गोडॉल्फिन अरेबियन.

हे तिघे कोणी मोठ्या चिकित्सेने निवडले होते असे मानण्यास आधार नाही. बायर्ली टर्क हा मुळात लढाईचा घोडा. गोडॉल्फिन अरेबियन हा केवळ घोडी माजावर आली आहे की नाही हे पाहण्यासाठी ठेवला होता, मुख्य घोडा हॉबगॉब्लिन याला रोक्साना या घोडीने नाकारल्यामुळे त्याला संधी मिळाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, रोक्सानापासून झालेला त्याचा मुलगा केड हा पुढे मॅचेमचा पिता झाला आणि गोडॉल्फिनचा पितृवंश मॅचेमकडूनच टिकला.

डार्ली अरेबियनची कथा अधिक उद्बोधक आहे. यॉर्कशरमधील ॲल्डबी पार्क येथे तो राहिला आणि बहुतांशी डार्ली कुटुंबाच्या स्वतःच्याच घोड्यांसाठी वापरला गेला. बाहेरच्या मोजक्या घोड्यांपैकी एक होती लेनर्ड चाइल्डर्स याची बेटी लीड्स. तिला डार्ली अरेबियनपासून दोन सख्खे भाऊ झाले. थोरला फ्लाइंग चाइल्डर्स हा त्या काळातील सर्वांत वेगवान घोडा म्हणून गाजला. धाकट्या बार्टलेट्स चाइल्डर्सच्या नाकातून रक्त येत असे, त्यामुळे तो कधी शर्यतीत उतरलाच नाही. कोणताही पैदासकार या दोघांतून थोरल्याची निवड करील. तथापि या घराण्याची मुख्य पितृधारा धाकट्याकडून वाहिली. त्याचा मुलगा स्क्वर्ट हा पायांच्या दुखण्याने इतका निकामी झाला होता की त्याला गोळी घालण्याचा हुकूम सुटला होता आणि एका मोतद्दाराच्या विनवणीवरून तो वाचला, असे सांगतात. स्क्वर्टचा मुलगा मार्स्क आणि मार्स्कचा मुलगा एक्लिप्स.

एक्लिप्सचा जन्म १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी झाला आणि त्यावरूनच त्याला नाव मिळाले. आपल्याकडे ग्रहणकाळातील जन्म अशुभ मानणाऱ्याने हा घोडा दारात उभा केला नसता, हे येथे सहज आठवते. त्याचा पैदासकार ड्यूक ऑफ कंबरलँड १७६५ मध्ये वारला. त्याच्या घोड्यांच्या विक्रीत विल्यम वाइल्डमन या लंडनच्या मांस-व्यापाऱ्याने हे शिंगरू ७५ गिनींना घेतले. त्याचा पिता मार्स्क तर क्षुल्लक किमतीला विकला गेला होता आणि डॉर्सेट परगण्यातील एका शेतकऱ्याकडे अर्ध्या गिनीच्या शुल्कावर खेड्यातील घोड्यांसाठी वापरला जात होता. एक्लिप्स १७६९ व १७७० या दोन वर्षांत १८ शर्यती धावला आणि एकदाही हरला नाही. तेव्हा कोठे मार्स्कचा शोध सुरू झाला. वाइल्डमनने त्याला २० गिनींना परत मिळविले, पुढे तो अर्ल ऑफ अबिंग्डनला १,००० गिनींना विकला गेला आणि त्याचे पैदास-शुल्क १०० गिनींपर्यंत चढले. घोडा तोच, रक्त तेच. अर्धी गिनी आणि शंभर गिनी यांमधील अंतर केवळ एका मुलाने पार करून दिले.

नोंदवही आणि तिचे मौन

जेम्स वेदर्बी याने १७९१ मध्ये ‘जनरल स्टडबुक’ची प्रस्तावनात्मक आवृत्ती आणि १७९३ मध्ये तिचा पहिला खंड प्रसिद्ध केला. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळींत होणाऱ्या लबाडीस आळा घालणे हा तिचा व्यावहारिक हेतू होता. परिणाम मात्र याहून मोठा झाला. घोड्याचे मोल ठरविताना आता त्याच्या अंगापेक्षा त्याचे पान आधी उघडले जाऊ लागले.

या नोंदवहीचा एक विशेष इतिहासाच्या अभ्यासकास लगेच जाणवतो. आरंभीच्या घोड्या तिच्यात पुष्कळदा नावाशिवाय येतात : अमुकाची बहीण, तमुकाची आई, किंवा नुसती ‘रॉयल मेअर’. घोड्यांना स्वतःची नावे आहेत, जन्मवर्षे आहेत, मालक आहेत; घोड्यांच्या मातांना बहुधा केवळ नाते आहे. शिंगराचे निम्मे रक्त आईकडून येते हे पैदासकारांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु एक घोडी वर्षाला एकच शिंगरू देते आणि एक घोडा अनेक. पैसा आणि कीर्ती संख्येच्या मागे गेली आणि नोंदही त्यांच्या मागे गेली.

एक्लिप्स, हेरॉड आणि मॅचेम या तिघांच्या संततीचा परस्परांशी संकर हे अठराव्या शतकाच्या अखेरचे सूत्र ठरले. हेरॉडचा मुलगा हायफ्लायर हा रिचर्ड टॅटरसल या लिलावदाराने २,५०० पौंडांना घेतला. हायफ्लायर आणि एक्लिप्सच्या मुली यांचा मेळ विशेष फळतो असा अनुभव सर्वत्र सांगितला जाऊ लागला. हायफ्लायर १३ वेळा इंग्लंडमधील अग्रगण्य जनक ठरला. मात्र त्या काळातील उत्तम घोड्यांपैकी फार मोठा वाटा एक्लिप्सच्या मुलींचा होता. त्यामुळे मेळ फळला की उत्तम घोड्या फळल्या, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारल्याचे दिसत नाही. प्रसिद्ध घोड्याकडे प्रसिद्ध घोड्या जातात आणि त्यांच्या संततीचे श्रेय घोड्याच्या खाती जमा होते, ही गफलत पैदाशीच्या इतिहासात पुढेही वारंवार आढळते.

सेंट सायमन : अतिप्रतिष्ठेचा परिणाम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रवृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण घडले. सेंट सायमन (जन्म १८८१) याचे मालक प्रिन्स बॅथ्यानी १८८३ मध्ये वारले आणि तत्कालीन नियमानुसार त्याची मोठ्या शर्यतींतील नोंदणी रद्द ठरली. त्यामुळे डर्बीच्या दर्जाची कसोटी त्याला देताच आली नाही. ड्यूक ऑफ पोर्टलंडने त्याला १,६०० गिनींना विकत घेतले. तो एकही शर्यत हरला नाही आणि पैदाशीत त्याने जे केले ते अभूतपूर्व होते. १८९० ते १८९६ अशी सलग सात वर्षे आणि पुन्हा १९०० व १९०१ मध्ये तो अग्रगण्य जनक ठरला. पर्सिमन (१८९६) आणि डायमंड जुबिली (१९००) हे त्याचे दोन सख्खे पुत्र डर्बी जिंकले. दोघेही प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढील सातव्या एडवर्डच्या मालकीचे. त्याचे शुल्क ५०० गिनींपर्यंत गेले.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. यानंतर इंग्लंडमधील प्रत्येक मोठ्या पैदासकाराला सेंट सायमनची मुलगी हवी होती आणि त्याचा मुलगाही हवा होता. सेंट सायमन १९०८ मध्ये मेला तेव्हा देशातील उत्तम घोड्यांपैकी मोठ्या भागात त्याचेच रक्त होते आणि त्याच्या मुलांना देण्यास अनात्म घोड्या दुर्मीळ झाल्या होत्या. पुढील काही वर्षांत इंग्लंडमधील त्याचा पितृवंश पाहता पाहता ओसरला. आप्तप्रजननाचा अतिरेक हे याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे. ते पुरेसे आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, कारण बाहेरून आलेल्या दुसऱ्या वंशांची स्पर्धाही त्याच सुमारास वाढली. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही : हा वंश वाचला तो त्याची गर्दी नसलेल्या ठिकाणी. सेंट सायमनचा मुलगा राबले फ्रान्समध्ये गेला आणि त्याचा वंश पुढे इटलीत पोहोचला. त्याच धारेत १९५२ मध्ये रिबो जन्मला. तो १६ पैकी १६ शर्यती जिंकला आणि पॅरिसची ‘आर्क द त्रियोंफ’ ही शर्यत त्याने १९५५ व १९५६ अशी दोनदा जिंकली.

आकड्यांचे शास्त्र

सेंट सायमनच्या काळातच निवडीला गणिताचा आधार देण्याचे प्रयत्न सुरू झाले. ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर या तीन शर्यतींचे विजेते कोणत्या मूळ घोडीच्या वंशातून किती आले, हे मोजून त्याने ४३ मातृकुळांना क्रमांक दिले. त्यांतील काही ‘धावणारी’ आणि काही ‘जनकांची’ कुळे ठरविली. या पद्धतीतील दोष उघड आहे. ज्या कुळात घोड्या अधिक त्यातून विजेते अधिक येणारच. एकूण किती घोड्यांतून किती विजेते आले हे प्रमाण तिने पाहिले नाही. असे असूनही तिचे एक श्रेय मान्य करावे लागते. शतकभर निनावी राहिलेल्या घोड्या तिच्यामुळे प्रथमच चर्चेच्या केंद्रस्थानी आल्या. लोचे क्रमांक आजही वंशावळींत छापले जातात, जरी त्यांवरून निवड करणारे फारसे उरले नाहीत.

फ्रेंच लष्करी अधिकारी व्हुइलिए याने १९०२ मध्ये दुसरी पद्धत मांडली. बाराव्या पिढीत प्रत्येक घोड्याचे ४,०९६ पूर्वज येतात. त्यांत ठरावीक श्रेष्ठ पूर्वजांची नावे किती वेळा येतात हे मोजून एक आदर्श प्रमाण काढावयाचे आणि घोडीच्या वंशावळीत जे कमी असेल ते घोड्याकडून भरून काढावयाचे, असे तिचे स्वरूप होते. मुंबई आणि पुण्याशी निकटचा संबंध असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी १९२० च्या दशकात आपल्या युरोपातील पैदास-केंद्रासाठी व्हुइलिएचा सल्ला घेतला आणि त्यांना मोठे यश मिळाले. यशाचे श्रेय मात्र पद्धतीला किती आणि त्यांनी लिलावात भरपूर पैसे देऊन घेतलेल्या उत्कृष्ट घोड्यांना किती, हा जुनाच प्रश्न येथेही उभा राहतो.

इटलीच्या फेदेरिको तेसियोने अशा सूत्रांवर पूर्णतः विसंबणे नाकारले. तज्ज्ञांच्या मतांपेक्षा डर्बीच्या विजयस्तंभानेच थरोब्रेड घडविला, असे त्याचे मत प्रसिद्ध आहे. त्याच्या सर्वांत मोठ्या यशात योगायोगाचा वाटा होता हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. आपली घोडी नोगारा ही लॉर्ड डर्बीच्या फेअरवे या सेंट लेजर-विजेत्या घोड्याकडे न्यावी अशी त्याची इच्छा होती. परंतु फेअरवेची यादी भरलेली होती. म्हणून नोगारा फेअरवेचा सख्खा भाऊ फॅरोस याच्याकडे गेली. फॅरोस हा शर्यतीत भावापेक्षा कमी प्रतीचा. नोगाराला १९३५ मध्ये जे शिंगरू झाले ते निअर्को. तो १४ शर्यतींत अजिंक्य राहिला, १९३८ मध्ये ६०,००० पौंडांना इंग्लंडला विकला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्यासाठी न्यूमार्केट येथे हवाई हल्ल्यापासून संरक्षण देणारा निवारा बांधण्यात आला होता. आजच्या थरोब्रेड पितृवंशांचा फार मोठा भाग निअर्कोकडूनच आला आहे.

बडोद्याचे दोन घोडे

निअर्कोच्या एका पुत्रामुळे ही कथा मराठी संस्थानापर्यंत येते. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही आखातातून येणाऱ्या अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती आणि तेथील आरंभीच्या शर्यती मुख्यतः अरबी घोड्यांच्याच असत. विसाव्या शतकात संस्थानिकांचे लक्ष थरोब्रेडकडे वळले. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड हे त्यांत अग्रेसर होते. १९४३ मध्ये मुंबईत धावलेली पहिली इंडियन डर्बी त्यांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. १९४५ मध्ये डँटे हा निअर्कोचा पुत्र इंग्लंडची डर्बी जिंकला. त्याच वर्षी डँटेचा वर्षाचा सख्खा भाऊ न्यूमार्केटच्या लिलावात आला आणि महाराजांनी तो २८,००० गिनी या तत्कालीन विक्रमी किमतीला घेतला. आपले आजोबा सयाजीराव यांचे नाव त्यांनी त्याला दिले. सयाजीराव १९४७ मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकला. ज्या वर्षी बडोद्यासह सर्व संस्थानांचे भवितव्य ठरत होते त्याच वर्षी बडोद्याच्या थोर राजाचे नाव डोंकास्टरच्या मैदानावर पुकारले गेले. संस्थानाच्या पैशावर असा खर्च उचित होता काय, हा प्रश्न रास्तच आहे. १९५१ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले, त्यामागे त्यांच्या खर्चाचाही विषय होता.

याच तबेल्यातील दुसरा घोडा ‘माय बाबू’. हा फ्रान्समध्ये जन्मला. त्याचा पिता जेबेल आणि आजा तुरबियाँ. तो १९४८ मध्ये ‘२००० गिनी’ ही क्लासिक शर्यत जिंकला. आश्चर्याची गोष्ट अशी की इंग्लंडच्या स्टडबुकाच्या लेखी हा विजेता शुद्ध थरोब्रेड नव्हता, ‘अर्धरक्ताचा’ होता. याचे मूळ १९१३ च्या नियमात आहे. न्यूयॉर्क राज्यातील जुगारविरोधी कायद्यांमुळे तेथील शर्यती १९११ व १९१२ मध्ये बंद पडल्या आणि अमेरिकन घोडे इंग्लंडकडे लोटू लागले. त्यांपैकी अनेकांच्या वंशावळीत लेक्सिंग्टन हा १६ वेळा अमेरिकेचा अग्रगण्य जनक ठरलेला घोडा होता आणि त्याच्या मातृवंशातील काही धागे इंग्लंडच्या नोंदवहीपर्यंत पोहोचत नव्हते. लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने असा नियम झाला की ज्याचा प्रत्येक पूर्वज आधीपासून स्टडबुकात नोंदलेला आहे असाच घोडा त्यात प्रवेश मिळवील. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, दरबार नावाचा ‘अर्धरक्ताचा’ घोडा डर्बी जिंकला. तुरबियाँची आई दरबारची मुलगी होती. म्हणून पणतू माय बाबूपर्यंत हा डाग चालत आला.

तुर्की, अरबी आणि स्थानिक रक्ताच्या मिश्रणातून जन्मलेल्या वंशाने सव्वाशे वर्षांनी मिश्रणाला दार बंद करावे, यातील विसंगती स्पष्ट आहे. कुळशुद्धीचा आग्रह आणि आर्थिक हितसंबंध किती सहज एकमेकांत मिसळतात हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. बंदीचा तोटा अखेर इंग्लंडलाच झाला. १९४८ मध्ये २००० गिनी माय बाबूने आणि सेंट लेजर ब्लॅक टार्क्विन या अमेरिकन घोड्याने जिंकली. दोघेही नियमाप्रमाणे अशुद्ध. १९४९ मध्ये नियम शिथिल करण्यात आला आणि शतकभराची शुद्ध वंशावळ व कुटुंबाची शर्यतीतील कामगिरी हा निकष स्वीकारला गेला.

या दोन घोड्यांची पुढील कामगिरी ताडून पाहण्याजोगी आहे. विक्रमी किमतीच्या सयाजीरावने ग्लॅडनेससारखी लांब पल्ल्याची उत्कृष्ट घोडी आणि १९६४ चा सेंट लेजर-विजेता इंडियाना दिला. जनक म्हणून तो उपयुक्त ठरला, पण त्याने पितृवंशाची नवी शाखा उभी केली नाही. माय बाबूचा मुलगा अवर बाबू १९५५ मध्ये २००० गिनी जिंकला आणि १९५६ मध्ये स्वतः माय बाबू अमेरिकेला विकला गेला. तेथे त्याची केरला नावाची मुलगी १९६७ च्या सर्वोत्कृष्ट अमेरिकन घोड्याची, डमास्कसची, आई झाली. ज्या देशाच्या रक्ताचा संशय घेऊन नियम केला गेला त्याच देशात त्या रक्ताचे मोल मुलींच्या द्वारे परत मिळाले.

बाजाराची कसोटी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडीचा निर्णय अधिकाधिक वित्तव्यवहार बनत गेला. सेक्रेटेरिएटच्या पैदाशीचे हक्क फेब्रुवारी १९७३ मध्ये प्रत्येकी १,९०,००० डॉलरचे ३२ भाग करून विकले गेले. एकूण किंमत ६०.८ लाख डॉलर झाली आणि तेव्हा त्याने तीन वर्षांच्या वयाची एकही शर्यत धावली नव्हती. त्या उन्हाळ्यात त्याने बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी जिंकून ट्रिपल क्राउन मिळविला. भाग घेणाऱ्यांची अपेक्षा त्याच्यासारख्या पुत्रांची होती. ती बहुतांशी अपुरी राहिली. त्याच्या मुली मात्र ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट यांच्यासारख्या जनकांच्या माता झाल्या. पुत्रांवर नजर ठेवून केलेला व्यवहार कन्यांनी फेडला.

नॉर्दर्न डान्सरच्या बाबतीत याच्या उलट घडले. निअर्कोचा हा नातू कॅनडात १९६१ मध्ये जन्मला. अंगाने लहान असल्यामुळे वर्षाचा असताना २५,००० डॉलरला त्यास गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६४ मध्ये तो केंटकी डर्बी जिंकला आणि पुढे १०,००० डॉलर शुल्कावर पैदाशीला उभा राहिला. १९८० च्या दशकात हे शुल्क पाच लाख डॉलरवर गेले, तेही गर्भधारणेच्या हमीशिवाय. त्याच्या मुलांवर बोली लावताना तेलसंपन्न अमिराती आणि आयर्लंडमधील गट यांच्यात जी चढाओढ झाली तिचा कळस १९८३ मध्ये गाठला गेला. स्नाफी डान्सर हे वर्षाचे शिंगरू १.०२ कोटी डॉलरला विकले गेले. ते एकदाही शर्यतीत धावले नाही आणि पैदाशीतही जवळजवळ वांझ ठरले.

२००८ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील विल्सन आणि रॅम्बॉट यांनी ४,००० हून अधिक घोड्यांची कमाई तपासली. आयुष्यभरातील कमाईतील फरकांपैकी सुमारे १० टक्केच फरक आनुवंशिक कारणांनी स्पष्ट होतो आणि घोड्याचे शुल्क हे त्याच्या आनुवंशिक गुणवत्तेचे विश्वसनीय माप नाही, असे त्यांना आढळले. महागड्या घोड्याची संतती अधिक जिंकते हे खरे. परंतु तिच्या वाट्याला उत्तम खाद्य, उत्तम शिक्षक आणि उत्तम जॉकीही येतात. हायफ्लायरच्या वेळी न विचारलेला प्रश्न असा दोन शतकांनी आकड्यांत मांडला गेला.

रक्ताची साक्ष

जनुकशास्त्राने जुन्या नोंदवहीची उलटतपासणी केली तेव्हा तिचे मौन बोलू लागले. कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासानुसार आजच्या थरोब्रेड घोड्यांच्या ९५ टक्के पितृवंशांचे मूळ एकट्या डार्ली अरेबियनकडे जाते, तर मूळच्या केवळ १० घोड्यांकडे, म्हणजे मातांकडे, ७२ टक्के मातृवंश जातात. मातृक जनुकद्रव्याच्या तपासणीत लोने क्रमांक दिलेल्या काही कुळांच्या आरंभीच्या नोंदी चुकीच्या असल्याचेही दिसून आले. २०१० मध्ये एमेलिन हिल यांच्या गटाने स्नायूंच्या वाढीशी संबंधित एका जनुकाचे रूप घोड्याला कोणते अंतर मानवेल हे सांगते, असे दाखवून दिले. २०१२ मध्ये त्याच जनुकाच्या वेगवान रूपाचा शोध मागे नेला असता ते पूर्वेकडील प्रसिद्ध घोड्यांकडून आले नसून सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश घोडीकडून आले असावे, असा निष्कर्ष निघाला. वेगासाठी अलेप्पोहून घोडा आणला गेला. वेगाचा एक प्रमुख धागा बहुधा तबेल्यातच उभा होता आणि त्याला वहीत नावही मिळाले नाही. हे रूप विसाव्या शतकात सर्वत्र पसरविले मात्र नॉर्दर्न डान्सरच्या वंशाने.

पूर्वी एका घोड्याकडे हंगामात चाळीसच्या आसपास घोड्या नेल्या जात. कृत्रिम रेतनास थरोब्रेडमध्ये आजही मनाई आहे. तरीही पशुवैद्यकाच्या मदतीने योग्य दिवस अचूक साधता येऊ लागल्यामुळे लोकप्रिय घोड्यांची संख्या दीडशे-दोनशेपर्यंत गेली आणि हंगाम संपताच घोडा विमानाने दक्षिण गोलार्धात नेण्याची प्रथाही पडली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०,११८ घोड्यांच्या अभ्यासात ९७ टक्के वंशावळींत नॉर्दर्न डान्सर आढळला आणि गेल्या पाच दशकांत आप्तप्रजनन वाढत असल्याचे दिसले. सेंट सायमनच्या वेळी गर्दीबाहेर फ्रान्स आणि इटली होते. आज तशी जागा कोणत्या देशात उरली आहे, हे सांगणे कठीण आहे.

अमेरिकेच्या जॉकी क्लबने याच काळजीने २०२० मध्ये नियम केला, की त्या वर्षापासून जन्मलेल्या घोड्याने एका हंगामात १४० पेक्षा अधिक घोड्यांशी संयोग करू नये. काही मोठ्या पैदास-केंद्रांनी हा व्यापारावरील निर्बंध असल्याचे सांगून न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम मागे घेण्यात आला.